रॅकवरचा माल, आग आणि आपला जीव

(शाखा कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी मॅट्रिक शिकलेला माणूस, इंजिनीअर नाही. पण उभी नोकरी स्टोअर डेपोत काढली, म्हणून आज पगार-भत्ते बाजूला ठेवून आगीवर बोलतो. रेक म्हटले की आपल्याला मालगाडी दिसते. मी बोलतो आहे ते रॅक, म्हणजे छतापर्यंत गेलेल्या लोखंडी मांडण्या. डेपोत त्यावर सीटचा फोम, रबर, फायबरचे पत्रे असतात. पोस्टाच्या भावांकडे थैल्या आणि पार्सले असतात.

काही वर्षांपूर्वी एका डेपोत गेलो होतो. छताला स्प्रिंकलर होते, पण माल त्यांच्या तोंडाला टेकलेला. व्हॉल्व्ह गळतो म्हणून बंद केलेला. मागच्या दाराला चोरीच्या भीतीने कुलूप. आत रात्रपाळीला एक खलाशी आणि दोन कंत्राटी हमाल. खलाशाला विचारले, "आग लागली तर काय करशील?" तो म्हणाला, "साहेबांना फोन करीन, भाऊ." त्याला हसू नका. त्याला दुसरे काही शिकवलेच नव्हते.

रॅकची आग जमिनीवरच्या ढिगासारखी नसते. दोन रॅकमधली उभी फट धुराड्यासारखे काम करते आणि ज्वाळा बघता बघता वर चढतात. अमेरिकेत लहान मोटरबोटी शेडमध्ये अशाच रॅकवर एकावर एक ठेवतात. बोट फायबरची, टाकीत पेट्रोल. छतावरून पाणी सोडले तर वरच्या बोटीचा तळ छत्रीसारखा आडवा येतो आणि खालची बोट जळत राहते. आपल्या रॅकला सलग फळ्या असतील तर इथेही तेच होणार. अशा ठिकाणी छताबरोबर रॅकच्या आतही, मधल्या थरांवर, स्प्रिंकलर लागतात. छतावरूनच मोठ्या थेंबांचा जोरदार मारा करणारे स्प्रिंकलरही आहेत, पण सलग फळ्यांच्या रॅकवर ते चालत नाहीत.

कुणी म्हणेल, स्प्रिंकलर एकदम सगळे फुटतील आणि माल भिजेल. तसे सिनेमात होते. प्रत्येक तोंडाशी काचेचा बल्ब असतो. लाल बल्ब साधारण 68 अंशांना फुटतो, आणि तोही आगीच्या वर असलेलाच. पत्र्याचे छप्पर उन्हात फार तापत असेल तर जास्त अंशांचा बल्ब घ्यावा लागतो.

दुसरा प्रस्ताव येतो गॅसचा. कार्बन डायऑक्साइडने आग विझते ती हवेतला प्राणवायू हटवून. त्यासाठी बंद खोलीत हवेचा सुमारे एक तृतीयांश भाग हा गॅस भरावा लागतो. माणूस दहा टक्क्यांनाच बेशुद्ध पडतो. म्हणजे माल वाचेल, खलाशी मरेल! शिवाय उघड्या शेडमध्ये गॅस टिकत नाही आणि गाठीच्या पोटातली धग पुन्हा पेटते. छोट्या, बंद सर्व्हर रूममध्ये माणसाला अपाय न करणारा गॅस योग्य आहे. रंग आणि तेलाच्या गोदामात फोम हवा, कारण जळते तेल पाण्यावर तरंगत पसरते. प्रत्येक मालाचे औषध वेगळे.

कोणता माल कशाशेजारी ठेवला, हाही प्रश्न तेवढाच मोठा. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजावर कापसाच्या गाठी आणि स्फोटके एकत्र होती. आग विझवताना स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. त्या दिवशी हार घालू आणि दुसऱ्या दिवशी रबराशेजारी थिनरचे डबे रचू, तर तो हार खोटा.

म्हणून पुढच्या पीएनएम बैठकीत टेंडरच्या किमतीआधी हे पाच प्रश्न विचारा. रॅकवर काय आहे आणि किती उंच? मधल्या थरापर्यंत पाणी पोहोचते का? टाकीत पाणी आणि पंपाला वीज गेल्यावर पर्याय आहे का? आत माणूस असताना यंत्रणा चालली तर तो जगेल का? व्हॉल्व्ह उघडा आहे हे दर आठवड्याला कोण पाहणार आणि वहीत कोणाची सही?

आणि दोन गोष्टी आपल्याच हातात आहेत. साध्या स्प्रिंकलरखाली किमान 45 सेंटीमीटर जागा मोकळी ठेवा. साहेबांनी सांगितले तरी त्यावर माल रचू नका. आत माणूस असेल तर बाहेरचे दार कुलूपबंद होऊ देऊ नका. हा हट्ट कंत्राटी हमालासाठीही धरा. तो आपल्या पावतीपुस्तकात नसेल, पण धूर सभासदत्व विचारून छातीत शिरत नाही.

विझवणारी यंत्रणा विकत घेता येते. ती चालू ठेवायला जागरूक युनियन लागते.

कामगार एकजुटीचा विजय असो!