शाळेच्या कामातील मतभेद



चार शिक्षक एकत्र आले की चार मते निघावयाचीच. मत निराळे असणे हा दोष नव्हे. निराळे मत ऐकून न घेणे हा दोष होय.

पुण्यास १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाले. टिळक व आगरकर यांनी त्या शाळेत खांद्याला खांदा लावून काम केले. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणी दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. समाजसुधारणेविषयी त्यांचे मत जुळत नव्हते. तरीही १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. पुढे मात्र वाद विकोपास गेला. १८८७ साली आगरकरांनी ‘केसरी’चे संपादकत्व सोडले आणि १८९० साली टिळक सोसायटीतून बाहेर पडले. मतभेद असतानाही संस्था वाढली. मने दुरावली तेव्हा मात्र एक थोर शिक्षक तिला अंतरला.

हा धडा दोनशिक्षकी शाळेसही लागू आहे. घरी कोरकू किंवा भिली बोलणारे मूल पहिलीत येते आणि वर्गात गप्प बसते. एक शिक्षक म्हणतो, प्रमाण मराठीच कानी पडू द्यावी, नाहीतर मूल मागे राहील. दुसरा म्हणतो, आधी त्याचे घरचे शब्द स्वीकारावेत, म्हणजे भीती मोडेल. दोघांच्याही मनात मुलाचे हितच असते. शक्य तेथे मातृभाषेतून शिकवावे, असे २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. ते कसे साधावे, हे शिक्षकांनीच मिळून ठरवावयाचे असते. अशा वेळी ज्येष्ठतेच्या बळावर धाकट्या शिक्षकाचे तोंड बंद केले, तर तो सभेत गप्प राहतो आणि मूल वर्गात गप्प राहते. पुढे तेच मूल शाळेत येईनासे होते.

यास्तव मुख्याध्यापकाने सभेत सर्वांत नव्या शिक्षकास प्रथम बोलू द्यावे. वडीलधाऱ्यांचे बोलून झाल्यावर त्याची जीभ रेटत नाही. दोन्ही मते इतिवृत्तात नोंदवावीत. महिनाभर एक रीत करून पाहावी आणि मुले किती बोलू लागली, यावरून निर्णय घ्यावा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक व निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा त्याच कायद्याचा दंडक आहे. त्या मातांस केवळ सहीपुरते बोलावू नये. मूल घरी काय बोलते, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार?

मनाचा मोकळेपणा म्हणजे वाटेल ते चालवून घेणे नव्हे. मुलास मारावे की नाही, हा मतभेदाचा विषयच नाही. कायद्याने ते निषिद्ध आहे. तसेच निर्णय झाल्यावर ज्याचे मत मागे पडले, त्यानेही तो मनापासून पाळावा. आपले म्हणणे ऐकले गेले, याची खात्री असलेल्या शिक्षकास हे जड जात नाही.

ज्या शाळेत शिक्षक एकमेकांचे ऐकतात, तेथे मुलांनाही आपले म्हणणे मांडण्याचे धैर्य येते.