उंबऱ्यापलीकडची स्वच्छता



ज्युबिलीच्या या आनंदाच्या प्रसंगीं झाडू व केर यांविषयीं बोलणें कित्येकांस विपरीत वाटेल. परंतु उत्सवाची खरी समाप्ति भोजनानें होत नाहीं. भोजनानंतर मैदान कोणत्या स्थितींत राहिलें, यावरून ती ओळखावी. म्हणून हा विषय आजच काढणें मला उचित वाटतें.

आपल्या लोकांस स्वच्छता ठाऊक नाहीं, असें कोणीं म्हणूं नये. पहांटे घरोघर केर काढला जातो, दारांत सडा पडतो. मात्र तो केर उंबऱ्याबाहेर लोटला कीं आपलें कर्तव्य संपलें, असें आपण समजतों. घर माझें आणि रस्ता सरकारचा, ही मनांतली वांटणीच साऱ्या घाणीचें मूळ होय. सोलापुरास १८५२ सालीं नगरपालिका लाभली व १९६४ सालीं तिची महानगरपालिका झाली. पण लाखों हातांनीं टाकलेला केर थोड्या हातांनीं कोणती संस्था उचलूं शकेल?

टाकलेली वस्तु नाहींशी होत नाहीं, ती केवळ जागा बदलते. पिशवी गटारांत अडकते आणि पहिल्या पावसांत गटार तुंबतें. डेंग्यूच्या डासाला तर डबकेंहि लागत नाहीं. फेकलेली करवंटी, प्याला किंवा जुना टायर यांत सांचलेलें स्वच्छ पाणी त्यास पुरतें आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. तो आपला धर्म वा जात विचारून चावत नाहीं. किल्ल्याशेजारच्या सिद्धेश्वर तलावाच्या कांठची हवाहि अशीच सर्वांची आहे.

याहून गंभीर गोष्ट दुसरी आहे. आपण निष्काळजीपणें टाकलेली फुटकी कांच कोणाच्या तरी बोटांत रुतते. सफाई कामगार हा आपल्यासारखाच घरदार असलेला मनुष्य आहे. ओला केर, सुका केर व घरांतील घातक वस्तु वेगवेगळ्या ठेवाव्या, असें २०१६ सालच्या नियमांनीं बंधनकारक केलें. यांत कायद्याच्या धाकापेक्षां शेजारधर्माचा भाग अधिक आहे. पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ सालीं आपल्या परिपत्रांत पृथ्वीला सर्वांचें सामाईक घर म्हटलें, तें याच अर्थानें.

हा धडा आपल्या भूमीला नवा नाहीं. पंढरपुरास धर्मशाळा बांधविणारे गाडगे महाराज (१८७६–१९५६) गांवांत शिरतांच हातांत खराटा घेऊन रस्ते झाडूं लागत आणि रात्रीं कीर्तन करीत. दिवसा हात बोलत, म्हणूनच रात्रीं शब्दांना वजन येई. पुढें २००० सालीं सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानास शासनानें त्यांचेंच नांव दिलें.

तेव्हां माझी विनंति थोडकी आहे. आज प्रत्येकानें आपली पत्रावळ व प्याला स्वतः उचलून टोपलींत टाकावा. घरीं केर वेगळा करावा व कांच कागदांत गुंडाळून द्यावी. महिन्यांतून एका रविवारीं आपलें आवार झाडावें, आणि फाटकापाशीं न थांबतां बाहेरची गल्लीहि झाडावी. मुलें आपलें बोलणें विसरतील, पण वडिलांना रस्त्यावरचा कागद उचलतांना पाहिलेलें विसरणार नाहींत.