झेंड्यातला हिरवा कोणाचा?

(येरवडा येथे स्वातंत्र्यदिनी झेंडावंदनानंतर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मघाशी झेंडा वर गेला तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या एका मुलाने मला हळूच विचारले, "चाचा, त्यातला हिरवा आपला ना?" लहानपणी मलाही घरी हेच सांगितले होते. आज तेवढ्यावरच बोलतो.

मुलाचे म्हणणे अगदीच निराधार नाही, पण ते फार जुने आहे. १९२१ मध्ये गांधीजींनी झेंड्याची कल्पना मांडली, तेव्हा रंग खरोखरच वाटलेले होते. लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा बाकीच्या सर्व धर्मांचा. मग शिखांनी विचारले, आमचा रंग कुठे? वाटणी एकदा सुरू झाली की कोणीतरी उरतोच.

म्हणून १९३१ मध्ये काँग्रेसने सात जणांची समिती नेमली. तीत नेहरू, पटेल, मौलाना आझाद, मास्टर तारासिंग होते; काकासाहेब कालेलकर आणि डॉ. ना. सु. हर्डीकरही होते. समितीने सबंध केशरी झेंडा सुचवला. तो मान्य झाला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईच्या बैठकीत केशरी, पांढरा, हिरवा आणि मध्ये चरखा असे ठरले. सोबत हेही ठरले की, या रंगांना धार्मिक अर्थ नाही. केशरी धैर्य आणि त्यागाचा, पांढरा सत्य आणि शांतीचा, हिरवा श्रद्धा आणि शौर्याचा.

त्या चरख्याशी आपल्या येरवड्याचेही नाते आहे. पेटीत मावणाऱ्या, कुठेही नेता येणाऱ्या चरख्याला 'येरवडा चक्र' म्हणतात, ते इथल्या तुरुंगावरून. गांधीजींनी तिथे त्यावर काम केले होते.

२२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने हाच तिरंगा स्वीकारला. चरख्याच्या जागी चोवीस आऱ्यांचे अशोकचक्र आले. त्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद होते आणि सदस्यांत मौलाना आझाद व डॉ. आंबेडकर, दोघेही होते. सभागृहात मुस्लिम सदस्यांनी ठरावाला पाठिंबा दिला, तो सबंध झेंड्याला.

आज आपल्या वस्त्यांकडे देशप्रेमाचा पुरावा मागितला जातो. त्याचा राग येतो, मलाही येतो. पण रागाच्या भरात "हिरवा तरी आमचा आहे" असे म्हणालो, तर दोन तृतीयांश झेंड्यावरचा हक्क आपण आपल्याच तोंडाने सोडून देतो. समोरच्याला तेच तर हवे असते. आणि जो "केशरी फक्त आमचा" म्हणतो, तोही तेवढाच तोट्यात जातो.

तेव्हा बेटा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे: हिरवा आपला आहे, केशरीही आपला आहे, पांढराही आपला आहे. आणि तुझ्या वर्गातल्या प्रत्येकाचेही तसेच आहे. उद्या शाळेत कोणी विचारले, तर हेच सांग. भांडू नकोस, तारखेसकट सांग.

जय हिंद.