मुलाची फाइल आणि पर्यवेक्षकाची सही



आईबापांवाचून सीमा ओलांडणारे मूल हा केवळ करुणेचा विषय नाही; तो श्रमाच्या बाजाराचाही विषय आहे. ग्वाटेमाला, होंडुरास आणि एल साल्वादोर या देशांतून गेल्या दशकभरात लाखो अल्पवयीन मुले एकटी निघून अमेरिकेच्या सीमेवर पोचली. दारिद्र्य, जमिनीची विषम वाटणी आणि टोळ्यांचा हिंसाचार यांनी त्यांना घराबाहेर काढले. 2021 च्या आर्थिक वर्षात अशी सुमारे 1 लाख 22 हजार मुले अमेरिकन सरकारच्या निर्वासित पुनर्वसन कार्यालयाच्या हवाली झाली. त्यांच्या पुढच्या आयुष्याचा निर्णय ज्या टेबलावर होतो, त्या टेबलाकडे पाहणे अगत्याचे आहे.

कायद्याच्या दृष्टीने या मुलांना संरक्षण नाही असे नाही. 1985 मध्ये एल साल्वादोरच्या एका 15 वर्षांच्या मुलीच्या वतीने दावा दाखल झाला आणि त्यातून 1997 चा फ्लोरेस करार झाला. 2002 च्या कायद्याने एकाकी मुलांची देखभाल स्थलांतर-पोलिसांकडून काढून पुनर्वसन कार्यालयाकडे दिली. 2008 च्या कायद्याने मुलाला 72 तासांत या कार्यालयाच्या स्वाधीन करावे आणि त्याचे हित जपणाऱ्या, शक्य तितक्या मोकळ्या वातावरणात ठेवावे, असे बंधन घातले. यासाठी मुलाला ‘स्पॉन्सर’कडे, म्हणजे त्याची जबाबदारी घेणाऱ्या व्यक्तीकडे सोपवितात. ही व्यक्ती आई किंवा बाप असू शकते, काका-मावशी असू शकते, क्वचित दूरची ओळखीचीही असू शकते.

स्पॉन्सर खरा की खोटा, घर राहण्याजोगे आहे की नाही, एकाच पत्त्यावर किती मुले मागितली जात आहेत, हे तपासण्याचे काम केसवर्कर करतो. तो बहुधा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या खाजगी संस्थेचा नोकर असतो. त्याच्यावर पर्यवेक्षक असतो. फाइल वाचणे, शंका विचारणे, थकलेल्या कार्यकर्त्याला आधार देणे आणि गरज पडल्यास सुटका थांबविण्याची शिफारस करणे, ही पर्यवेक्षकाची कर्तव्ये होत. आल्फ्रेड कादुशिन यांनी 1976 च्या आपल्या ग्रंथात समाजकार्यातील पर्यवेक्षणाची प्रशासन, शिक्षण आणि आधार अशी तीन अंगे मांडली. यांतील शेवटची दोन गळून पहिलेच उरले, की पर्यवेक्षकाचा मुकादम होतो.

याचा पुरावा 2014 साली ओहायो राज्यातील मेरियन येथे मिळाला. ग्वाटेमालाची काही किशोरवयीन मुले अंड्यांच्या कारखानदारी शेतांवर धमक्यांखाली राबविली जात होती. ती गळक्या ट्रेलरमध्ये राहात. मजुरी प्रवासाच्या कर्जापोटी कापली जाई. महाराष्ट्रातील ऊसतोडणीची उचल ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या कर्जाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. सिनेटच्या चौकशी उपसमितीने जानेवारी 2016 मध्ये अहवाल दिला. त्यात आढळले, की यांपैकी काही मुले सरकारनेच या टोळीशी संबंधित स्पॉन्सरांकडे सोपविली होती. एका मुलाच्या चौकशीला गेलेल्या केसवर्करला तो नोंदलेल्या पत्त्यावर राहातच नसल्याचे कळले. स्पॉन्सरने भेट नाकारली. आणि ‘स्पॉन्सरने सेवा नाकारली’ या कारणास्तव प्रकरण बंद करण्यात आले. नियम तसाच होता. धोक्याची घंटा कार्यकर्त्याच्या हातात वाजली. पण वरच्या टेबलावर ती ऐकणे कोणाचेही काम नव्हते.

2021 मध्ये मुलांची संख्या वाढली तेव्हा तपासणीतील टप्पे कमी करण्यात आले. सीमेवरील कोंदट कोठड्यांतून मुलांना लवकर काढणे आवश्यक होते, हे मान्य करावे लागेल. विलंब हीदेखील मुलावर एक शिक्षाच असते. परंतु जुलै 2021 मध्ये त्या कार्यालयाच्याच 11 व्यवस्थापकांनी लेखी इशारा दिला, की ही व्यवस्था झटपट सुटका करणाऱ्यांना शाबासकी देते, धोकादायक सुटका रोखणाऱ्यांना नव्हे. त्यानंतर, 2022 मध्ये, आरोग्य व मानवसेवा खात्याचे मंत्री झेवियर बेसेरा यांनी एका बैठकीत हेन्री फोर्डच्या कारखान्याचा दाखला देऊन कामाच्या संथपणाबद्दल अधिकाऱ्यांची कानउघाडणी केल्याचे ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने फेब्रुवारी 2023 मध्ये प्रसिद्ध केले. मुलांच्या संगोपनाला मोटारींच्या जुळणीपट्ट्याचे माप लावावे, यात भांडवली कार्यपद्धतीचे मर्म उघडे पडते.

त्याच महिन्यात अमेरिकेच्या कामगार खात्याने पॅकर्स सॅनिटेशन सर्व्हिसेस या कंपनीला 15 लाख डॉलरचा दंड केला. 8 राज्यांतील 13 कत्तलखान्यांत 13 ते 17 वर्षांची 102 मुले रात्रपाळीत दाहक रसायनांनी यंत्रे धूत होती. दर मुलामागे दंड पडला सुमारे 15 हजार डॉलर. फेब्रुवारी 2024 मध्ये आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी मार्च-एप्रिल 2021 मधील फाइलींच्या नमुन्याची तपासणी प्रसिद्ध केली. 16 टक्के फाइलींत स्पॉन्सरविषयीच्या एखाद्या तरी आवश्यक तपासणीची नोंदच नव्हती, आणि 22 टक्के प्रकरणांत सुटकेनंतरचा विचारपुशीचा दूरध्वनी वेळेवर झाला नव्हता. अशा प्रत्येक कोऱ्या रकान्याखाली कोणाची तरी सही असते.

तथापि कडकपणा म्हणजे सुरक्षितता, असे समजणे चुकीचे ठरेल. एप्रिल 2018 मध्ये स्पॉन्सरांची माहिती स्थलांतर-पोलिसांना देण्याचा करार झाला. तिच्या आधारे त्या वर्षी 170 संभाव्य स्पॉन्सरांना अटक झाली; त्यांतील 109 जणांवर कोणत्याही गुन्ह्याची नोंद नव्हती. परिणामी आप्तेष्ट पुढे येईनासे झाले आणि टेक्सासमधील टॉर्निलो येथील तंबूंत मुले अडकून पडली. 2024 च्या नियमावलीने अशा माहितीचा पोलिसी वापर रोखला होता. मार्च 2025 मध्ये ती मनाई काढून टाकण्यात आली. भीतीने खरी मावशी दूर राहाते. बनावट कागद करणारा दलाल मात्र भीत नाही. केसवर्करच पोलिसांचा खबऱ्या वाटू लागला, की मूलही त्याला खरे सांगत नाही, आणि मग कितीही रकाने भरले तरी तपासणी पोकळच राहाते.

म्हणून मागणी नेमकी असली पाहिजे. पर्यवेक्षकाच्या हाताखाली इतकीच प्रकरणे असावीत, की प्रत्येक फाइल सहीपूर्वी वाचता येईल. किती मुले किती दिवसांत सुटली, एवढ्यावरच त्याचे काम मोजू नये. सुटलेले मूल शाळेत आहे की रात्रपाळीत, हे विचारले जावे. दार बंद आढळले तर प्रकरण बंद न होता वरिष्ठांकडे जावे. शंका नोंदविणाऱ्या कार्यकर्त्याची नोकरी सुरक्षित राहावी. आणि हे संरक्षण मालकाच्या सदिच्छेने मिळत नसते, कामगार संघटनेच्या बळावर मिळते. स्पॉन्सरची माहिती मुलाच्या रक्षणापुरतीच वापरली जावी. आणि मुलांना राबविणाऱ्या कंपनीला दंड हा धंद्याचा किरकोळ खर्च वाटणार नाही, इतका तो जबर असावा.

मुलाला झटपट बाहेर काढणे आणि त्याला सुरक्षित ठेवणे, यांत एकच निवडावे लागते, हे काटकसर करणाऱ्या व्यवस्थेने लादलेले द्वंद्व आहे. पुरेसे कार्यकर्ते नेमले आणि पर्यवेक्षकाला ‘थांबा’ म्हणण्याचा खराखुरा अधिकार दिला, तर ही दोन्ही कामे एकाच वेळी होऊ शकतात. तो अधिकार नसेल, तर त्याची सही मुलाच्या सुटकेवर न होता त्याच्या हजेरीपटावर होते; आणि तो हजेरीपट कत्तलखान्याचा असतो.