बारा महिन्यांची पडवी



पडवी म्हणा, ओसरी म्हणा, नाहीतर सोपा म्हणा. आल्यागेल्याला बसायला, शेंगा फोडायला, मुलांच्या अभ्यासाला घरात याहून सोयीची जागा नाही. ती बाराही महिने वापरता यावी म्हणून मी जो उद्योग करून बसलो, तो आधी सांगतो.

आमचे घर वाईजवळच्या एका खेड्यात. पडवी दक्षिणेला, एक अंग पश्चिमेकडे उघडे. पावसाळ्यात झड आत येई, थंडीत वारा झोंबे. माझी आई दिवसभर तिथेच बसायची. तिच्यासाठी म्हणून मी दोन्ही बाजूंना काचेची तावदाने बसवली आणि कौले काढून वर पत्रा घातला. पौष-माघ मजेत गेले. शिमगा आला आणि दुपारी तिथे पाय ठरेना. आईने काही न बोलता आपली चटई माजघरात नेली. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "दारावरून कोण गेलं, तेही आता कळत नाही रे."

चूक माझीच होती. काचेतून ऊन सहज आत येते. पण तापलेल्या भिंतीची आणि जमिनीची ऊब तितक्या सहज बाहेर जात नाही आणि तापलेली हवाही कोंडून राहते. विलायतेत घराला जोडून काचेची खोली बांधतात ती थंडीच्या मुलखात, कोवळ्या उन्हासाठी. आपल्याकडे तिची भट्टी होते. मी आतून जाड पडदे लावून पाहिले. फारसा उपयोग नाही, कारण ऊन तोवर आत आलेलेच असते! ते बाहेरच अडवले पाहिजे.

मग पश्चिमेची तावदाने काढली आणि बाहेरच्या अंगाला बांबूचा चिक सोडला. दक्षिणेच्या तावदानांत वरची दोन उघडती केली, म्हणजे गरम हवेला वाट मिळते. पत्र्याला वरून चुन्याचा हात दिला. तो पावसात धुऊन जातो, दर फाल्गुनात पुन्हा द्यावा लागतो. पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून तट्ट्या बांधल्या, दोन्ही टोके उघडी ठेवून. यांत जास्त गुण तट्ट्यांचाच, असे माझे मत.

आता शिक्षक बंधूंसाठी एक गोष्ट. तीन फुटांची काठी अंगणात सरळ रोवा आणि दुपारी साडेबाराच्या सुमारास तिची सावली मोजा. आमच्याकडे डिसेंबरच्या अखेरीस ती अडीच फुटांहून थोडी जास्त भरते, आणि मेच्या मध्यावर एके दिवशी नाहीशी होते. म्हणजे दक्षिणेची वळचण तीन फूट पुढे काढली, तर उन्हाळ्यात डोक्यावरचे ऊन बाहेर राहते आणि थंडीत तिरपे ऊन आपणहून आत येते. पश्चिमेला मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे ऊन आडवे येते. चिक किंवा वेलच हवा. माघात दोडका लावला तर चैत्र-वैशाखात मांडव भरतो. भाजी मिळते ती वेगळीच.

वाळ्याच्या तट्टीवर पाणी शिंपडणे देशावरच्या कोरड्या हवेत छान. कोकणातल्या बांधवांनी त्या भरीस पडू नये. तिथे हवाच ओली, पाणी सुकायचे कसे? त्यांचे नारळीचे झाप पावसाच्या झडीला उत्तम. आम्ही गोणपाट लावतो. जमिनीला मात्र बाहेरच्या बाजूला चार फुटांस इंचभर उतार हवाच, नाहीतर आत आलेले पाणी तिथेच मुरते.

आणि थंडीत तावदाने मिटून आत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नका. तिचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो आणि झोपेतच जीव जातो.

आईची चटई वैशाखात पडवीत परत आली. श्रावणात तिची गोधडी दमट होते ती होतेच. त्याला माझ्याकडे इलाज नाही. उघडीप मिळाली की दांडीवर टाकतो.