परकी अंमल, नोटा आणि दयेचा अर्ज



दयेचा अर्ज म्हटला की आपल्या विद्यार्थ्यांना राज्यघटनेचे 72 वे कलम आणि राष्ट्रपती आठवतात. परंतु जेथे आपले सरकारच उरलेले नाही, शत्रूचे सैन्य शहरात ठाण मांडून बसले आहे, तेथे विनापरवाना नोटांची अदलाबदल केली म्हणून पकडलेल्या माणसाने दया मागावी तरी कोणाकडे?

हाँगकाँगचेच उदाहरण घ्या. 25 डिसेंबर 1941 रोजी ते शहर जपानच्या हाती पडले. जपान्यांनी आपला लष्करी येन चालू केला. आरंभी दोन हाँगकाँग डॉलरना एक येन, जुलै 1942 पासून चार डॉलरना एक. म्हणजे एका हुकमाने लोकांची शिल्लक निम्मी झाली. 1 जून 1943 पासून तर डॉलर बाळगणे हाच गुन्हा ठरला. या येनच्या पाठीशी सोने नव्हते की चांदी. होती ती बंदूक. साहजिकच लोक डॉलर दडवू लागले आणि चोरटी सराफी सुरू झाली. पालकहो, ज्या नोटेला तांदूळ मिळतो ती नोट माणूस शोधणारच. अशा दलालांत नफेखोरही होते, हे मी नाकारीत नाही. पण सर्वांना एकाच मापाने मोजू नये.

हाँगकाँग-शांघाय बँकेचे मुख्य व्यवस्थापक सर व्हँडेलूर ग्रेबर्न यांना नजरकैदेतील लोकांना गुपचूप पैसे पोचविल्याबद्दल पकडण्यात आले. ऑगस्ट 1943 मध्ये ते तुरुंगातच वारले. एवढ्या मोठ्या माणसाची ही गत, मग रस्त्यावरच्या दलालाला कोण विचारतो!

त्या वेळी लागू असलेल्या 1907 च्या हेग नियमांत जेत्याने शक्य तोवर तेथील जुने कायदे पाळावेत असे होते. शिक्षा झालेल्या नागरिकाच्या अर्जाविषयी मात्र अक्षर नव्हते. ही उणीव 1949 च्या चौथ्या जिनिव्हा कराराने भरून काढली. जेत्याचे दंडविधान लोकांच्या भाषेत प्रसिद्ध झाल्याशिवाय लागू होत नाही (कलम 65). निव्वळ नोटांच्या व्यवहारासाठी फाशी देता येत नाही (कलम 68). अपिलाची सोय नसेल, तर निकाल व शिक्षा या दोहोंविरुद्ध अर्ज करण्याचा हक्क आहे (कलम 73). फाशीची शिक्षा झालेल्याचा दयेच्या अर्जाचा हक्क तर कोणत्याही परिस्थितीत काढून घेता येत नाही (कलम 75).

विद्यार्थ्यांनी विशेष लक्ष द्यावे ते 67 व्या कलमाकडे. आरोपी हा जेत्याच्या देशाचा नागरिक नाही, ही गोष्ट न्यायालयाने ध्यानात घेतलीच पाहिजे, असे ते सांगते. म्हणजे अर्जदाराला नुसते पाय धरावे लागत नाहीत. "तुमच्याशी इमान राखण्याचे माझ्यावर बंधन नव्हते; घर चालविण्यासाठी मी नोट बदलली," असे तो ताठ मानेने लिहू शकतो. भारतानेही 1960 साली जिनिव्हा करारांचा कायदा केला आहे.

हाँगकाँगचा शेवट मात्र ऐकण्यासारखा आहे. सप्टेंबर 1945 मध्ये लष्करी येन रद्द झाला. ज्यांनी हुकूम मोडून डॉलर दडविले, त्यांचे पैसे वाचले. इतकेच नव्हे, जपान्यांनी बँकेच्या अधिकाऱ्यांकडून सक्तीने सह्या करवून घेतलेल्या नोटाही 1946 साली मान्य झाल्या. ज्यांनी मुकाट्याने डॉलर देऊन येन घेतले, त्यांच्या पेट्यांत रद्दी उरली. त्या येनची भरपाई मिळावी म्हणून हाँगकाँगचे लोक टोकियोच्या न्यायालयापर्यंत गेले. 1999 साली न्यायालयाने त्यांची मागणी फेटाळली.