पेशीला काय झालं?

(पाथरी येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



वकील कोणता करावा हे विचारायला माणसं येतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "त्यांचं कोर्टात वजन आहे का?" दुसरा फीचा. हा वकील आपल्याशी नीट बोलेल का, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच हवा. दोन पेश्यांच्या मधल्या अबोल्यात चांगले चांगले दावे बुडालेले मी पाहिले आहेत.

आपल्याच भागाचं बघू. जायकवाडीचा डावा कालवा इकडून गेला. कालव्याला, चाऱ्यांना, पुढे रस्त्यांना जमिनी गेल्या. निवाडा झाला, मावेजा हातात पडला आणि तो कमी वाटला. १८९४च्या भूसंपादन कायद्यात वाढीव मावेजासाठी कलम १८ खाली अर्ज करावा लागे. निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याला मुदत सहा आठवड्यांची. ज्यांनी हा अर्ज केलाच नाही, त्यांच्यासाठी १९८४च्या दुरुस्तीनं कलम २८-अ आलं. एकाच अधिसूचनेत जमीन गेलेल्या शेजाऱ्याला कोर्टानं भाव वाढवून दिला, तर त्या आधारावर तुम्हीही मागणी करू शकता. मुदत तीन महिने, नक्कल मिळायला लागलेले दिवस वगळून. २०१३च्या नव्या कायद्यात कलम ७३ मध्ये हीच सोय ठेवली आहे.

आता लक्षात घ्या, हे तीन महिने शेजाऱ्याच्या निकालापासून मोजतात. तुमच्या दारी त्याची नोटीस येत नाही. शेजारी सांगेल, नाहीतर वकील सांगेल. आणि बांधावरून शेजाऱ्याशी बोलणं बंद असेल, तर उरला फक्त वकील! त्यानं वेळेवर एक फोन केला की नाही, यावर एका घराचा लाखोंचा मावेजा ठरतो.

कोर्टाच्या व्हरांड्यात पेशीच्या दिवशी उभे राहा. सातबारा, फेरफार, जुन्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन एक म्हातारा थांबलेला असतो. वकीलसाहेब घाईनं बाहेर येतात. "साहेब, काय झालं?" "तारीख पडली." म्हातारा एसटीनं गावी जातो. त्या दिवशीच्या रोजनाम्यात काय लिहिलंय? 'वादी पुराव्यासाठी गैरहजर, अखेरची संधी.' हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. पुढच्या पेशीला दावा गैरहजेरीत निकाली निघतो. तो परत फाईलवर घ्यायला अर्जाची मुदत तीस दिवस, आणि म्हाताऱ्याला बातमी कळते सुगी झाल्यावर.

वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला का? १९८१ मध्ये रफिक विरुद्ध मुन्शीलाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हाच प्रश्न विचारला आणि वकिलाच्या गैरहजेरीत निकाली निघालेलं अपील पुन्हा चालवायला लावलं. पण त्यावर विसंबू नका. १९९३ मध्ये सलिल दत्त यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं बजावलं, की वकिलावर बोट दाखवून पक्षकाराला दर वेळी सुटता येणार नाही.

म्हणून वकीलपत्रावर सही करण्याआधी एक तास बसा. तुमची हकिगत ऐकून झाल्यावर त्यांना म्हणा, "साहेब, आमची लंगडी बाजू कोणती?" जो ती सरळ मराठीत समजावतो, तो तुमच्याशी पुढेही खरं बोलेल. जो "काळजी करू नका, जिंकलोच" एवढंच म्हणतो, तिथून उठा. भाषेची सबब आता चालत नाही. निजामाच्या राज्यात कोर्टाचं कामकाज उर्दूत होतं. आज तालुका आणि जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे. तुम्हाला कळणार नाही असं त्या फाईलमध्ये फार थोडं असतं.

फीचं आधी ठरवा आणि पावती घ्या. मावेजात टक्केवारी मागणं बार कौन्सिलच्या नियमांना धरून नाही, हे मराठवाड्यात मोठ्यानं सांगायची गरज आहे. वकील बदलायचा झाला आणि फी थकलेली असली, तरी कागदपत्रं अडकवून ठेवता येत नाहीत, आर. डी. सक्सेना प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयानं तसं स्पष्ट केलं. पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. पण फुकटच्या वकिलालाही हेच प्रश्न विचारायचे.

वकिलांचीही एक तक्रार आहे आणि ती खरी आहे. पक्षकार अर्धी गोष्ट सांगतो, भावाला लिहून दिलेला कागद लपवतो, आणि तो कागद उलटतपासणीत निघतो. बोलणं दोन्हीकडून हवं.

तुमच्या प्रत्येक खटल्याला सोळा अंकाक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो. तो वकिलांकडून लिहून घ्या आणि घरातल्या शिकलेल्या पोराकडून ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख बघा. उन्हाळी सुट्टीनंतर कोर्टं उघडली की आपल्या वकीलसाहेबांकडे जा, मागच्या पेशीचा रोजनामा मागा आणि तो त्यांच्यासमोर वाचून घ्या.